सतराव्या रकान्याबद्दल

ट्रॉम्सोच्या त्या सभागृहात दोन्ही टेबलांवर पाण्याचे ग्लास,
एकाच उंचीपर्यंत भरलेले.
प्राध्यापक हल्वोर्सन म्हणाले: तीनशे बारा माणसं, नऊ गावं,
हा फरक निव्वळ योगायोग नव्हे.
डॉक्टर इंगुन ब्रेक्के म्हणाल्या:
तीनशे बारांतली एक्केचाळीस मधूनच कुठे गेली,
ते आधी सांगा.
शितावरून भात कळतो, मान्य.
पण भात ढवळला होता का?

मी तिसऱ्या रांगेत, मांडीवर पाकीट.
मला बोलावलंय ते अक्षर ओळखायला.
हे फॉर्म तुम्हीच भरलेत?
मीच. नऊचं शेपूट इतकं लांब
आमच्या दवाखान्यात दुसरं कुणी ओढत नाही.

रकाना सतरावा. हाताची थरथर:
कमी, तशीच, जास्त.

बोट्सफिओरला जायचं म्हणजे डोंगरावर फाटकापाशी थांबायचं,
मग बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या मागून
पुढच्याचा लाल दिवा धरून रांगेनं सरकायचं.
तीन तास, कधी पाच.
आइलिफ दारातच उभा असायचा,
हात कोटाच्या खिशात.
आणि मी विचारलं की म्हणायचा, कमी आहे, बरंच कमी.
एवढ्या वादळातून आलेल्या बाईला
कोण सांगेल, तशीच आहे म्हणून?
मी 'कमी'वर खूण केली.
चार भेटी, चार खुणा.

एकदा मात्र न कळवता गेले.
ओडलौगनं कॉफी ओतली, त्यानं कप उचलला
आणि बशी वाजू लागली,
किणकिणकिणकिण,
खिडकीत अडकलेल्या माशीसारखी.
तेव्हा लक्षात आलं:
माझ्या ठरलेल्या भेटींना
त्या घरात बशा नसायच्या.
तीही काही बोलली नाही, मीही नाही.
केक मात्र दोनदा वाढला.

आता हल्वोर्सन सांगताहेत,
कोणाला औषध, कोणाला नुसती साखर,
हे ना रुग्णाला ठाऊक, ना नर्सला.
आंधळी कोशिंबीरच होती ती, साहेब,
फक्त पट्टी जिभेवर बांधायची राहिली.
ओडलौगनं पहिल्याच आठवड्यात कॅप्सूल फोडून चाखली: कडू.
शेजारच्या तोर्गाइरची: गोड.
गावात बातमी पोचायला
एक बोट धक्क्याला लागेपर्यंतचा वेळ पुरला.

आणि मग त्या दोघांनी जे केलं
ते कुठल्याच तक्त्यात नाही.
चाळीस वर्षं एका होडीवर,
कॉड निम्मा निम्मा, डिझेलचं कर्ज निम्मं निम्मं,
एकदा बुडता बुडता वाचले तेही निम्मं निम्मं सांगतात.
त्यांनी गोळ्याही वाटून घेतल्या.
सोमवारी कडू, मंगळवारी गोड.

म्हणजे औषध आहे त्याहून दुबळं दिसलं असेल.
किंवा बशा नव्हत्या म्हणून
आहे त्याहून गुणकारी.
दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतील
असं मी रात्री अंथरुणात मांडून पाहिलं.
मला गणित येत नाही.

मे महिन्यात आइलिफ धक्क्यावर बसून
गळाची गाठ मारत होता. एका दमात मारली.
मी पाहिलं.
पण तेव्हा चाचणी संपून सहा आठवडे झाले होते,
सूर्य मावळत नव्हता,
आणि मुलगी बेर्गेनहून आली होती.
यातलं कशानं?

पाकिटात सदतीस कॅप्सूल आहेत.
तोर्गाइर गेल्यावर त्याच्या वाट्याच्या उरलेल्या.
ओडलौगनं दिल्या, म्हणाली, तुझ्याकडे ठेव,
यांना कचऱ्यात टाकवत नाही.

हल्वोर्सन पाणी प्यायला ग्लास उचलतात.
मी पाण्याच्या काठाकडे बघते,
आता ही सवयच.
पाणी हलतंय, किंचित.
दुसऱ्या कुणी पाहिलं नाही.
ब्रेक्केबाईंनी पाहिलं का? त्या कागद चाळताहेत.

अध्यक्ष विचारतात:
अक्षर तुमचं, हे नोंदवलं.
आणखी काही?

खुर्ची सरकवताना मोठा आवाज होतो.
हो, मी म्हणते.
बशीबद्दल सांगायचंय.